गोळ्या सुटल्याचा फ्लेक्स

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्हाला गोळ्यांचं व्यसन लागलेलं आहे." मी मागं वळून पाह्यलं. मला वाटलं, त्या दुसऱ्या कुणाला तरी बोलून राह्यल्या.

मागं कुणीच नव्हतं. जालन्याच्या त्या दवाखान्यातली हिरवी भिंत होती आणि माझी सलाइनची बाटली लटकत होती. पलंगाच्या पायथ्याशी आमचे हे उभे होते, माझी चप्पल हातात धरून. ते बी माझ्याकडं असे पाहू लागले की जसं काही लग्नानंतर पहिल्यांदाच मला पाहून राह्यले.

"मी?" मी म्हटलं. "अहो मॅडम, मी ब्लाउज शिवती. माझ्या घरात दारूची बाटली कधी आली न्हाई. आमचे हे सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत न्हाईत. तुमचा कागद बदलला असंल, बघा बरं."

मॅडम वयानं माझ्या पोरीएवढ्या. त्या हसल्या न्हाईत की रागावल्या न्हाईत. म्हणाल्या, "कागद तुमचाच आहे. याला डिपेन्डन्स म्हणतात. म्हणजे शरीराला गोळीची इतकी सवय होते की ती मिळाली नाही तर शरीर आजारी पडतं. दारूचं होतं तसंच गोळ्यांचंही होतं. तुम्हाला काल जो झटका आला, तो त्याचाच."

व्यसनी म्हटलं की माझ्या डोळ्यापुढं गटारीच्या कडंला पडलेला गडी यायचा. कपाळाला कुंकू लावलेली, दोन पोरींची लग्नं करून दिलेली, भोकरदनच्या निम्म्या बायकांची मापं तोंडपाठ असलेली बाई कधी आली न्हाई. खरं सांगते, कॅन्सर म्हटल्या असत्या तं मी रडले असते. हे ऐकून मला रडू पण येईना.

झालं असं होतं. मावसबहिणीच्या पोरीच्या लग्नाला आम्ही आष्टीला गेल्तो. निघायच्या गडबडीत माझी गोळ्यांची पट्टी शिवणयंत्राच्या खणात राहून गेली. हळदीच्या दिवशी मला जांभयांवर जांभया. नाक गळायला लागलं, अंगावर काटा, पोटात मुरडा, पायाच्या नळ्या कुणी पिळून राह्यल्यासारख्या. बहीण म्हणाली, ऊन लागलं असंल, कांदा फोड. दुसऱ्या दिवशी अक्षता पडत होत्या आणि मी मांडवातच धाडकन खाली पडले. दातखीळ बसली, हातपाय झाडले. तिथून यांनी आपल्याच टेम्पोत घालून मला थेट जालन्याला आणलं.

डोक्याचा सीटी स्कॅन झाला. रक्त काढलं, लघवी तपासली, किडनी बघितली, लिव्हर बघितलं. सगळं बराबर निघालं. आमच्या ह्यांना आधी आनंद झाला. मंग मॅडमनी विचारलं, "गोळ्या कोणत्या घेता?" मी म्हटलं, "कुठल्याच न्हाई. नुसती मानेची एक, आणि झोपेची एक." ती "नुसती" किती होती, हे मी त्यांना तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. आमच्या ह्यांनी ते माझ्यासोबतच पहिल्यांदा ऐकलं. त्यांच्या हातातली चप्पल खाली पडली.

सुरुवात साधी होती. मान खाली घालून शिवायचं, तं मान धरायची. एका डॉक्टरांनी पाच दिवसांची गोळी लिहून दिली. आहाहा! पहिल्याच दिवशी मान अशी मोकळी झाली की मी लग्नसराईचे सगळे ब्लाउज हसत हसत उरकले. पाच दिवस संपले, ब्लाउज काही संपले न्हाईत. बसस्टँडसमोरच्या मेडिकलवाल्या भाऊंना मी रिकामी पट्टी दाखवायची, ते दुसरी द्यायचे. चिठ्ठी कुणी मागितली न्हाई, मी दिली न्हाई. मंग झोप येईना म्हणून दुसरी गोळी आली. आपण काही वाईट करून राह्यलो, असं मला एक दिवस वाटलं न्हाई. औषधच तं आहे, असं वाटायचं.

हे लिहून राह्यले ते तुमच्यासाठी, ज्यांच्या पर्समधी एक पट्टी कायम असती आणि ती घरी राह्यली तं बस सुटायच्या आधी ज्या घराकडं पळतात.

मॅडमनी दवाखान्यातूनच व्यसनमुक्ती केंद्रात पाठवलं. केंद्र जालन्यातच, दवाखान्याला लागून. पहिल्या दिवशी बाहेरच्या बाकड्यावर आम्ही दोघं बसलो. आजूबाजूला सगळे गडी. कुणी स्टीलच्या कारखान्यातला, कुणी शेतातला, एक मास्तर. प्रत्येकाशेजारी एक बाई, पदर तोंडाला लावून बसलेली. मी बी पदर लावून बसले, म्हणून सिस्टरचा गैरसमज झाला. त्या थेट आमच्या ह्यांच्यासमोर उभ्या राह्यल्या.

"दादा, बायकोच्या तोंडाकडं बघा जरा. हाडं वर आलीत तिची. अशा सोन्यासारख्या बाईला किती छळायचं? आता तरी सोडा!"

आमच्या ह्यांनी मान खाली घातली आणि म्हटलं, "बरं, सिस्टर."

ज्या माणसानं जन्मात थेंब घेतला न्हाई, तो सगळ्यांसमोर माझ्या वाटचा मार खाऊन राह्यला. एका शब्दानं म्हणाला न्हाई, की पेशंट ही आहे. मंग आतून आवाज आला, "पेशंटनं आत या," आणि मी उठले. सिस्टरचं तोंड पाहण्यासारखं झालं. त्यांना माझा राग आला का त्यांची त्यांना लाज वाटली, कोण जाणे. पण पुढं सगळ्यात जास्त जीव त्यांनीच लावला.

बायकांसाठी तिथं वेगळा वॉर्ड न्हाई. स्वयंपाकघराला लागून एक खोली होती, ती मला दिली. दिवसभर फोडणीचा वास आणि मला अन्नाची शिसारी. डिटॉक्स म्हणजे शरीरातला गोळीचा अंमल उतरवणं. ते एकदम करत न्हाईत. टेपरिंग करतात, म्हणजे डॉक्टरच्या नजरेखाली गोळी जराजरानं कमी करत आणतात. मला मॅडमनी बजावून सांगितलं होतं, "घरी बसून स्वतःच्या मनानं कधीच बंद करू नका. जिवावर बेततं." आष्टीच्या मांडवात माझ्या जिवावर ते बेतलंच होतं.

ते दिवस मी लिहीत न्हाई. ज्यांना जायचंय त्यांना उगी धाक नको. एवढंच सांगते, की सुईत दोरा ओवता येईना इतके हात कापायचे, आणि तरी ते संपलं.

घरी मात्र आम्ही दुसरंच सांगून ठेवलं होतं. मंगलला मणक्याचा त्रास आहे, जालन्याला इलाज चालू आहे. सासूबाईंना आणि माझ्या दिराला खरं माहीत, बाकी कुणाला न्हाई. माझ्या दोघी पोरींना बी मी मणकाच सांगितला. घरी आल्यावर बायका विचारायच्या, "मंगलताई, पट्टा न्हाई का दिला कमरेला?" मंग मी एक पट्टा विकत आणला आणि उन्हाळ्यात तो बांधून शिवायला बसले. घामोळ्या आल्या, पण कुणाला कळू दिलं न्हाई.

केंद्रात एक रीत होती. पेशंटला व्यसन सुटून महिना झाला, तीन महिने झाले, वर्ष झालं, की त्याचा वाढदिवस करायचे. नवा जन्म म्हणून. पाटावर बसवायचं, स्वयंपाकघरातून शिरा यायचा, टाळ्या व्हायच्या. आणि औक्षण व्हायचं. ओवाळणारं माणूस पेशंटनं स्वतः निवडायचं. ज्याला आपल्या आजारानं सगळ्यात जास्त भोगावं लागलं, त्यानं ओवाळायचं. एका रोलिंग मिलमधल्या गड्याला त्याच्या म्हाताऱ्या आईनं ओवाळलं, तव्हा ती थाळी बाजूला ठेवून त्याच्या पाठीत दोन धपाटे घालत होती आणि रडत होती. सगळे रडत होते. मी बी.

माझा महिना झाला तव्हा सर म्हणाले, "मंगलताई, रविवारी तुमचा वाढदिवस." मी हात जोडले. "सर, माझं नाव घेऊ नका. मी मणक्याची पेशंट आहे." सर म्हणजे तिथले समुपदेशक, बोलून-बोलून माणसाला उभं करणारे. ते म्हणाले, "इथलं इथंच राहतं, ताई. तुमची इच्छा असेल तेव्हाच करू." महिना गेला, तिमाही गेली, सहामाही गेली. तपासणीला गेले की प्रत्येक वेळी शिरा खाल्ला दुसऱ्यांचा. माझा केलाच न्हाई.

वर्ष झालं तव्हा कुणास ठाऊक मला काय झालं. सरांनी विचारायच्या आधीच मी म्हटलं, "करा."

मी पाटावर बसले. सिस्टर थाळी घेऊन पुढं आल्या. बाईला बाईच ओवाळणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. मी म्हटलं, "सिस्टर, थांबा. हे ओवाळतील." हॉलमधी हशा पिकला. आमचे हे उठले, पँटीला हात पुसले आणि थाळी घेतली. कुंकू लावलं ते निम्मं कपाळाला, निम्मं नाकाला. मंग थाळी अशी फिरवली की जसं काही वळणावर स्टिअरिंग फिरवून राह्यले. सिस्टर म्हणाल्या, "दादा, उजवीकडून! उजवीकडून!" लोकं हसून हसून लोटपोट. मी पाह्यलं, त्यांच्या डोळ्यातून धार लागली होती आणि थाळीतला दिवा फडफडत होता. मला वाटलं, बस. याच्यापुढं काही नको.

त्यांनी आपला फोन सरांना दिला. "एक फोटो काढा. घरी पाठवायचाय."

येताना राजूरला थांबलो, गणपतीचं दर्शन घेतलं, भजे खाल्ले. हे कधी न्हाई ते गुणगुणत टेम्पो चालवत होते. भोकरदनच्या बसस्टँडच्या कोपऱ्यावर आले आणि त्यांनी करकचून ब्रेक मारला.

मी वर पाह्यलं. वर मीच होते.

दोन माणसं उभी राहतील एवढी मोठी मी. नाकाला कुंकू, गळ्यात फुलांचा हार. तो हार खरा नव्हता, कॉम्प्युटरवर घातलेला. मागं उगवता सूर्य आणि उडती कबुतरं. खाली लाल-पिवळ्या अक्षरात लिहिलेलं: "आमच्या लाडक्या मंगलवहिनी यांनी गोळ्यांच्या व्यसनावर मात करून एक वर्ष पूर्ण केल्याबद्दल हार्दिक हार्दिक अभिनंदन!" त्याखाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. सासूबाई हात जोडून. माझा दीर गॉगल घालून. त्याचे मित्र, त्यातला एक फोन कानाला लावून. त्यातल्या निम्म्या पोरांना मी ओळखत बी न्हाई.

फ्लेक्सखाली चहावाला थांबला होता, रसवंतीवाला थांबला होता, आणि बसमधून उतरणारी माणसं आधी वर पाहत होती, मंग टेम्पोत पाहत होती. मी पदरानं नाकावरचं कुंकू पुसायला लागले, जसं काही ते पुसलं की फ्लेक्सवरचं बी जाणार होतं.

"मी फक्त त्याला फोटो पाठवला," हे म्हणाले. "फक्त त्याला एकट्याला."

तो एकटा म्हणजे माझा दीर, संतोष. त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. या माणसाला जगातली कुठलीही गोष्ट फ्लेक्सशिवाय झाली असं वाटत न्हाई. भाचीचं बारसं, मित्राची गाडी, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळ्याचे फ्लेक्स त्यानं लावले. आणि मी, मूर्ख बाई, वर्षभर गावापासून लपले आणि या माणसापासून सावध राह्यले न्हाई.

घरात पाऊल टाकलं तं भाऊजी पेढे घेऊन उभे. मी त्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं न्हाई. लिहिण्यासारखं एवढंच: "भाऊजी, तुम्ही मला भर चौकात उघडं पाडलं! वर्षभर मी कमरेला पट्टा बांधून घामोळ्या काढल्या, त्या काय तुमच्या कबुतरांसाठी?"

त्यांचं तोंड एवढंसं झालं. पेढ्याचा पुडा तसाच हातात. म्हणाले, "वहिनी, दादाचा फोटो बघून मला रडू आलं. दादा जन्मात कधी रडला न्हाई. मला वाटलं, एवढी चांगली गोष्ट झाली, तं गावाला कळाया पाह्यजे. दुसरं काही मनातच आलं न्हाई बघा. आत्ता शिडी लावतो, आत्ता उतरवतो."

"आता उतरवून काय फायदा? लोकांच्या डोळ्यातून उतरवणार का?" मी म्हटलं आणि दार लावून घेतलं. पोरींचे फोन आले. मोठी रडली, धाकटी चिडली. "आई, मणका म्हणालीस तू आम्हाला!"

दुसऱ्या दिवशी मी यंत्रावर बसले. पाय मारला, पण लक्ष सगळं दाराकडं. एरवी सकाळी चार बायका येऊन जातात. त्या दिवशी कुणी येईना. दुपारच्या सुमाराला पंचफुलाबाई आली. ती म्हातारी म्हणजे आमच्या गल्लीचं पोलीस स्टेशन. तिच्या नातीच्या साखरपुड्याचे ब्लाउज माझ्याकडं कापून पडले होते. ती दारातच उभी राह्यली. मला वरून खाली पाह्यलं.

"मंगल, माझं कापड दे."

"अर्धवट आहे, मामी. बाह्या जोडायच्या राह्यल्यात."

"राहू दे. अर्धवटच दे. तुला बरं न्हाई."

मी गठुडं बांधून दिलं. ती गेली. मी यंत्राकडं पाहत बसले आणि माझी मान धरली. खोटं सांगत न्हाई, एका वर्षात पहिल्यांदा तशी धरली. खांद्यापासून कानापर्यंत. आणि त्या दुखण्याच्या पाठोपाठ मला माहिती असलेली ती गोष्ट आली. तिला क्रेव्हिंग म्हणतात. तलफ. मॅडमनी शिकवलं होतं, तिला जोर असतो पण दम नसतो, तेवढा वेळ काढा, कुणाला तरी फोन करा. फोन माझ्या हाताशी होता. मी चप्पल घातली.

गल्लीतून न जाता मी मागच्या बोळातून गेले. डोक्यावरून पदर पुढं ओढला. सगळी लाज तं गेलीच आहे, मंग वाचवायचं काय उरलं, असं डोक्यात घणघणत होतं. वर्ष गेलं तं गेलं. एक गोळी. फक्त आजची.

बसस्टँडसमोरच्या मेडिकलच्या पायऱ्या चढले. माझी पाठ माझ्याच फोटोकडं होती. भाऊ काउंटरवर एकटेच होते.

"भाऊ, मानेची ती द्या."

भाऊंनी माझ्याकडं पाह्यलं न्हाई. माझ्या डोक्यावरून पलीकडं पाह्यलं, फ्लेक्सकडं. मंग काउंटरवरची काच पुसायला लागले. स्वच्छच होती ती.

"मंगलताई, मला न्हाई जमणार."

"काहून? आधी देत होतेत की!"

"देत होतो. चुकलंच माझं." ते हळू बोलले. "पण आता कसं देऊ? दुकान उघडल्यापासून ती बाई हार घालून माझ्याकडं पाहून राह्यली." त्यांनी बोट दाखवलं. "आणि सकाळपासून लोकं येऊन राह्यले. रसवंतीवाला येऊन सांगून गेला, ताई आल्या तं देऊ नका. ती पंचफुलाबाई तं आत्ता गठुडं काखेत मारून आल्ती. काठी आपटून म्हणाली, तिला परत एक जरी गोळी दिली तं तुझ्या पायरीवर येऊन बसन, आन् उठायची न्हाई. पलीकडच्या दोन्ही मेडिकलमधी बी जाऊन आली ती. अख्ख्या भोकरदनात तुम्हाला आता कुणी देणार न्हाई, ताई."

मी तिथंच पायरीवर बसले.

आदल्या दिवशी फ्लेक्स पाहून बसला त्याच्यापेक्षा मोठा धक्का मला तिथं बसला. जे गाव मला हसून राह्यलं असं मला वाटत होतं, ते गाव मेडिकलच्या दारात माझ्या आधी येऊन गेलं होतं. वर्षभर मी ज्यांच्यापासून लपले, त्यांना कुणाला मी सांगितलं असतं तं कदाचित त्यांनी तेव्हाच काठी आपटली असती. मी रडायला लागले. भाऊंनी पाण्याचा ग्लास आणून दिला. समोर मी हार घालून हसत होते, नाकाला कुंकू. काय ध्यान दिसत होतं! रडता रडता मला हसूच फुटलं.

तिथून मी उठले आणि थेट पंचफुलाबाईच्या घरी गेले. "मामी, कापड द्या इकडं. मी कुणाचं काम अर्धवट ठेवत न्हाई."

"अगं, मान दुखंन तुझी! मान दुखली की परत त्या गोळ्याकडं पळशीन. मी दुसरीकडून शिवून घेतली असती."

"म्हणून नेलं होय तुम्ही?"

"मंग काय वाटलं तुला?" म्हातारी माझ्यावरच डाफरली. "बाह्या काय पळून चालल्या का? दम खा, चहा पी, मंग ने."

मी चहा प्याले. साखर घालून.

पुढच्या तपासणीला मी मॅडमना सगळं सांगितलं, मेडिकलच्या पायऱ्यांसकट. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "गोळी घेतली असती तर रिलॅप्स झाला असता. रिलॅप्स म्हणजे पुन्हा घसरणं. तुम्ही घसरला नाहीत, पण काठावर जाऊन आलात. पुढच्या वेळी चप्पल घालायच्या आधी फोन लावा कानाला." मंग त्या जरा कडक झाल्या. "आणि तुमच्या दिरांना सांगा, पेशंटला विचारल्याशिवाय असं कधी करायचं नसतं. तुमच्या बाबतीत गाव चांगलं निघालं. दुसऱ्या कुणाचं वर्ष त्या फ्लेक्सनं वाया गेलं असतं."

हे मी बी तुम्हाला ठासून सांगते. घरात कुणी सुटलं असंल तं जरूर वाढदिवस करा, शिरा करा, ओवाळा. पण कुणाला सांगायचं आणि किती सांगायचं, ते सुटणाऱ्या माणसाला ठरवू द्या. त्याला विचारा. एवढं एकच वाक्य आमच्या घरात कुणी विचारलं न्हाई, आणि माझा जीव टांगणीला लागला.

आणि पेशंट असाल तं हे ऐका. मी सगळ्यांना मणका सांगितला म्हणून मला मणक्याचीच मदत मिळाली. पट्टा मिळाला. खरं एकानं फोडलं, तं एका म्हातारीनं तीन मेडिकल बंद केले. तुम्ही तीनशे माणसांना सांगू नका. पण एका पंचफुलाबाईला सांगून ठेवा.

पंचफुलाबाईकडून आले त्याच संध्याकाळी मी भाऊजींना निरोप दिला होता, शिडी लावू नका. ते पळत आले. "खरंच राहू देऊ, वहिनी? किती दिवस?" मी म्हटलं, "रंग उडस्तोवर." पोरी दिवाळीला आल्या, त्यांनी फ्लेक्सखाली उभं राहून माझ्यासोबत फोटो काढले. मोठीनं नंतर मिठी मारून विचारलं, "आई, तू एकटीनं कसं काढलं गं?" मी म्हटलं, एकटी कुठं होते, तुझ्या बापानं पहिल्याच दिवशी माझ्या वाटचं ऐकून घेतलं.

उन्हानं फ्लेक्स विटत गेला. आधी कबुतरं गेली, मंग माझ्या नाकावरचं कुंकू. भाऊजींचा गॉगल तेवढा काळाच राह्यला. उन्हाळ्याच्या शेवटी त्यांनी तो उतरवून आमच्या अंगणात आणून टाकला. आमच्याकडं जुना फ्लेक्स कुणी फेकत न्हाई, कडब्यावर न्हाईतं टेम्पोवर झाकायला होतो.

काल सकाळी आमचे हे जालना एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्याला निघाले होते. टेम्पोत पोती भरलेली. त्यांनी फ्लेक्स उचलला, झटकला आणि मधीच थांबले. तो तसाच हातात धरून दाराशी आले.

"तिकडं गेटवर लई वेळ उभं राहावं लागतं," ते म्हणाले. "चार गडी बघत्यात. म्हटलं, यावेळी विचारावं. छापलेली बाजू खाली टाकू का वर?"

मी यंत्रावरून उठले. बाहेर आले, दोरीचं एक टोक हातात घेतलं.

"वर," मी म्हटलं. "तोंड वर करून बांधा."